ढोंग आणि भक्ती : ख्रिस्ती श्रद्धेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात मराठी वाचणाऱ्या माणसाचा ख्रिस्ती धर्माशी संबंध दोन वाटांनी येतो. काही जण स्वतः ख्रिस्ती असून वसईहून किंवा नगरकडून नोकरीधंद्यानिमित्त येथे येऊन स्थायिक झालेले आहेत. बहुतेक जण हिंदू आहेत, पण त्यांचा शेजार ख्रिस्ती, वाटेवर खुरीस म्हणजे क्रूस आणि फेस्ताचे, म्हणजे चर्चच्या सणाचे, आमंत्रण दर वर्षी ठरलेले. या दोन्ही प्रकारच्या वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. गोव्यातील ख्रिस्ती समाज प्रामुख्याने कॅथलिक असल्यामुळे उत्तरे त्याच परंपरेला धरून दिली आहेत.

येशूने ढोंगी कोणाला म्हटले? पापी माणसांना का?

नाही. समाजाने ओवाळून टाकलेल्या माणसांच्या पंक्तीला तो जेवायला बसत असे आणि त्यावरूनच त्याच्यावर टीका झाली. ढोंगी हा शब्द त्याने वापरला तो धर्माचे नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या आणि चारचौघांत मान असलेल्या मंडळींसाठी. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात तो म्हणतो की पुदिना, शेपू आणि जिरे यांचासुद्धा दशांश तुम्ही मोजून देता, पण न्याय, दया आणि विश्वास या मोठ्या गोष्टी सोडून देता. त्यापुढचे वाक्य वाचायचे पुष्कळदा राहून जाते. दशांश देऊ नका असे तो म्हणत नाही. या गोष्टी करायच्या होत्या आणि त्याही सोडायच्या नव्हत्या, असे तो म्हणतो. त्याचा आक्षेप कर्मकांडाच्या आडून मोठे देणे चुकवण्यावर आहे, आणि या पानावरील बहुतेक उत्तरे शेवटी याच मुद्द्याशी येऊन थांबतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. येशूने ज्यांना ढोंगी म्हटले त्यांत परूशी या ज्यू पंथाचे लोक होते. परूशी म्हणजे सगळेच भामटे, अशी समजूत धर्मशिक्षणाच्या वर्गांतून पसरली, ती अन्यायाची आहे. ते आपल्या काळातले शिस्तीचे, अभ्यासू लोक होते; येशू त्यांच्यापैकी काहींच्या घरी जेवला आणि निकदेम हा परूशी त्याच्या दफनाच्या वेळी सुगंधी द्रव्ये घेऊन आला. हे अध्याय ज्यू समाजावर दगड मारण्यासाठी शतकानुशतके वापरले गेले. आजच्या ख्रिस्ती वाचकाने ते स्वतःच्या धर्मग्रामाकडे, म्हणजे आपल्या चर्चच्या समाजाकडे, पाहत वाचले तरच त्यांचा अर्थ लागतो.

माणूस बोलतो एक आणि वागतो दुसरे, तर तो ढोंगीच नव्हे का?

प्रत्येक वेळी नाही. येशूचा शिष्य पेत्र याने एका रात्रीत तीनदा येशूला नाकारले, पण कोंबडा आरवताच तो बाहेर जाऊन रडला; ती भीती होती, दुबळेपणा होता. याउलट प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायातील हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट पाहावी. या जोडप्याने जमीन विकली, काही पैसे मागे ठेवले आणि उरलेले सगळे म्हणून प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवले. पेत्र हनन्याला स्पष्ट सांगतो की जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच ताब्यात होते. अर्धे ठेवून अर्धे दिले असते तर त्यांना कोणी बोल लावला नसता. त्यांना हवा होता तो पूर्ण देणाऱ्याचा मान, अर्ध्या किमतीत.

आदर्शापेक्षा कमी पडणे हे प्रत्येक भाविकाच्या वाट्याला येते. कमी पडलेले झाकून त्यावर प्रतिष्ठा मिळवली की ढोंग सुरू होते. अर्थात ही दोन माणसे वेगवेगळीच असतात असे नाही. तोच पेत्र पुढे अंत्युखियात परराष्ट्रीय, म्हणजे ज्यू नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे, आणि यरुशलेमहून मंडळी आल्यावर त्यांच्या धाकाने पंक्तीतून बाजूला झाला. पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर सुनावले आणि त्याच्या वागण्याला ढोंगच म्हटले. ही हकीगत गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पंक्तिभेदाचा हा प्रसंग मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

प्रार्थना, दान आणि उपवास गुप्तपणे करावेत असे येशू सांगतो. मग राखेच्या बुधवारी कपाळावर राख कशासाठी?

प्रश्न रास्त आहे, आणि विसंगती दिसते त्याहून जास्त टोकदार आहे. उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो, त्या राखेच्या बुधवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधील सामुदायिक उपासनेत, वाचले जाणारे शुभवर्तमान म्हणजे मत्तयाचा सहावा अध्यायच आहे: उपवास करताना तोंड उतरवून फिरू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा. हे ऐकून झाल्यावर लोक रांग लावतात आणि कपाळावर राखेचा खुरीस घेऊन बाहेर पडतात.

चर्चने हे दोन्ही एकत्र ठेवले आहे, हे बरेच झाले असे मला वाटते. राख ही व्रताची जाहिरात नाही. आपण माती आहोत आणि मातीला मिळणार आहोत याची ती कबुली आहे, आणि ती देणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या कपाळी सारखीच लागते. ती तयार होते मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिरवलेल्या झावळ्या जाळून. तरीही राख लावून काढलेला फोटो मोबाइलवर स्टेटस म्हणून ठेवणाऱ्याने सकाळी ऐकलेले वाचन पुन्हा एकदा उघडावे.

नियमांपुरते सांगायचे तर अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच्या कॅथलिकांना राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपवासाचे आहेत. मांसवर्जनाचा नियम चौदा वर्षे पूर्ण झाल्यापासून लागू होतो. शुक्रवारी मटण टाळून त्याऐवजी विसवण माशाची महाग तुकडी आणि सुंगटांचे हुमण (कोळंबीचे कालवण) करणाऱ्याने नियम मोडला असे म्हणता येणार नाही, पण पाळला असे म्हणायलाही जीभ रेटत नाही.

फेस्त, मिरवणूक, लदीन हा सगळा देखावाच नाही का?

सार्वजनिक असणे आणि देखावा असणे यांत फरक आहे. तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, असे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगणारा येशू सहाव्या अध्यायात लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका असे सांगतो. पहिल्या वचनात लोकांनी कृती पाहून देवाचा गौरव करावा अशी अपेक्षा आहे. दुसऱ्यात तो गौरव धर्माचरण करणाऱ्याच्याच खिशात जातो.

मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापाशी लदीन, म्हणजे गाऊन म्हटलेली सामुदायिक प्रार्थना, असते, ते पाहावे. खुरसाला ताजा चुना दिलेला असतो, अबोलीच्या माळा असतात, पायरीवर मेणबत्त्यांचे मेण ओघळून गोठलेले असते. व्हायोलिनवाला सूर लावतो, म्हाताऱ्या बायका लॅटिनमधली आळवणी तोंडपाठ म्हणतात आणि शेवटी खोबऱ्याच्या कातळ्या घातलेले उकडलेले चणे आणि मोठ्या माणसांसाठी थोडी फेणी फिरते. हिंदू शेजारीही उभे असतात. यात दिखाऊ असे काही नाही; एका वाड्याने एकत्र येण्याची ही रीत आहे. मात्र त्याच गर्दीत वडिलोपार्जित घराच्या इन्व्हेंटरीवरून, म्हणजे वारशाच्या वाटणीवरून, कोर्टात गेलेले दोन भाऊ असतात. एक खुरसाला टेकून उभा असतो, दुसरा रस्त्यापलीकडे स्कूटरवर बसलेला असतो, आणि दोघेही एकाच आळवणीला एकाच सुरात उत्तर देत असतात. अशा दोघांसाठी मत्तय ५:२३-२४ मध्ये सूचना आहे, आणि ती गैरसोयीची आहे: वेदीपाशी आल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे. ज्याच्या मनात राग आहे त्याला हे सांगितलेले नाही. ज्याच्याविरुद्ध दुसऱ्याची तक्रार आहे, त्याने उठायचे आहे.

ख्रिस्ती धर्मात जात नाही असे म्हणतात. मग गोव्यात बामण, चारडो, सुदीर हे काय आहे?

ते जे दिसते तेच आहे. सोळाव्या शतकात धर्मांतर झाले, पण जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळली नाही. गावच्या चर्चमधील कोंफ्रारिया, म्हणजे फेस्ताची व्यवस्था पाहणारे आणि मिरवणुकीत लाल किंवा पांढरा झगा घालून चालणारे बंधुसंघ, अनेक ठिकाणी जातीनुसार वाटलेले होते. कोणत्या घराण्याने कोणते फेस्त करायचे, कोणी कोणता झगा घालायचा, यावरून वाद झाले. आज अनेक गावांत हे बंधन सैल झाले आहे, परंतु लग्नाचा विषय निघाला की जुनी चौकशी हळू आवाजात सुरू होते.

याच्याच जोडीला नवा भेद आहे. मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या कष्टकऱ्यांना ‘घाटी’ म्हणून हिणवणे गोव्यात सर्रास चालते, आणि हिणवणाऱ्यांत हिंदूही आहेत, ख्रिस्तीही आहेत. हिंदूंचा हिशोब या पानावर मांडायचा नाही. ख्रिस्ती माणसापुरते पाहायचे तर याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय जणू गोव्यातल्या रविवारच्या मिस्सेसाठी लिहिला आहे: सोन्याची अंगठी आणि झुळझुळीत कपडे घातलेला माणूस सभेत आला की त्याला चांगली जागा देता, आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला तिकडे उभा राहा म्हणता, किंवा माझ्या पायाशी बस म्हणता. याकोब याला शिष्टाचाराची चूक मानत नाही, तो त्याला पाप म्हणतो. झारखंडहून आलेली घरकामाची मुलगी स्वतः कॅथलिक असते, मालकिणीबरोबर त्याच मिस्सेला येते आणि मागच्या बाकावर किंवा दाराशी उभी राहते. तेथे कोणी तिला उभे राहा असे म्हटलेले नसते, हेही खरे. म्हणण्याची गरजच उरलेली नसते.

आठवडाभर वाटेल ते करायचे आणि पाद्रीपुढे पाप सांगून मोकळे व्हायचे, ही सोय नाही का?

तशी ती वापरली जाते, पण शिकवण तशी नाही. पापनिवेदनात पश्चात्ताप, कबुली आणि प्रायश्चित्त असे तीन भाग असतात, आणि पुन्हा ते न करण्याचा निश्चय पश्चात्तापातच येतो. मुळात पश्चात्तापच नसेल तर पाद्रीने उच्चारलेल्या क्षमेचा उपयोग होत नाही. शिवाय १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की क्षमेमुळे पाप दूर होते, पण पापाने केलेले नुकसान आपोआप भरून येत नाही. चोरलेले परत करावे लागते, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा उजळावे लागते, केलेल्या जखमेची भरपाई द्यावी लागते.

लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय हा जकातदारांचा मुख्य येशूला घरी नेतो आणि उभा राहून आकडे सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत. शुभवर्तमानात पश्चात्तापाची इतकी हिशोबी नोंद दुसरी क्वचितच सापडेल, आणि त्यानंतरच येशू म्हणतो की आज या घराला तारण लाभले. मुंडकाराच्या (जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्याच्या) घराचे कागद वर्षानुवर्षे अडवून ठेवणारा भाटकार (जमीनदार), कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे जमाच न करणारा मालक, शेजाऱ्याच्या हद्दीत हातभर कुंपण सरकवणारा गृहस्थ, यांच्या बाबतीत तीन ‘नमो मारिया’ प्रार्थना म्हणून प्रकरण मिटत नाही.

पाद्रीच दुराचारी निघाला तर त्याने दिलेले संस्कार खोटे ठरतात का?

हा वाद चौथ्या शतकातला आहे. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या छळात, म्हणजे ३०३ नंतरच्या काळात, उत्तर आफ्रिकेतील काही धर्माधिकाऱ्यांनी जीव वाचवण्यासाठी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले. छळ संपल्यावर डोनाटिस्ट म्हणून ओळखल्या गेलेल्या गटाने भूमिका घेतली की अशा माणसांच्या हातचे संस्कार निरर्थक आहेत. संत ऑगस्टीनने याला विरोध केला. बाप्तिस्मा पेत्र देवो की येशूला धरून देणारा यहूदा, देणारा खरा ख्रिस्तच असतो, असा त्याचा युक्तिवाद होता, आणि ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये हीच शिकवण पक्की केली. आपले लग्न लावणारा किंवा आईचे अंत्यसंस्कार करणारा पाद्री पुढे नालायक निघाला, म्हणून ते लग्न किंवा ती प्रार्थना फुकट गेली असे भाविकाने मानण्याचे कारण नाही.

परंतु ही शिकवण भाविकाच्या दिलाशासाठी आहे, दोषी पाद्रीच्या संरक्षणासाठी नाही, आणि जगभरात चर्चच्या अधिकाऱ्यांनी तिच्या आडून गुन्हे झाकले, हे लपवण्यात अर्थ नाही. भारतात बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा २०१२ चा कायदा प्रत्येक व्यक्तीवर अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देण्याचे बंधन घालतो. कलम १९ मध्ये झग्याला सूट नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आदेशाने धर्मगुरू आणि व्रतस्थ यांना अशी माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवणे सक्तीचे केले. चर्चची बदनामी होईल म्हणून गप्प राहा असे जो सांगतो, तो चर्चची काळजी करत नसतो.

प्रार्थनेत मन लागत नसताना ओठांनी म्हणत राहणे, हेही ढोंग नव्हे का?

नाही, आणि या प्रश्नाने प्रामाणिक माणसेच जास्त त्रासलेली असतात. मदर तेरेसा यांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा कळले की जवळजवळ अर्धे शतक त्यांना देवाच्या सान्निध्याचा अनुभव फारसा आलाच नव्हता. बाहेर हसरा चेहरा, आत कोरडेपणा. काहींनी तेव्हा त्यांना ढोंगी ठरवले. पण त्यांनी ही अवस्था आपल्या मार्गदर्शकांपासून लपवली नव्हती, आणि काम थांबवले नव्हते. १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी वारलेल्या लिझ्यूच्या संत तेरेजानेही शेवटचे सुमारे दीड वर्ष अशाच अंधारात काढले. भावना आपल्या हातात नसते. रोज रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसणे असते.

ज्या भूमीत धर्मासाठी सक्ती झाली, तेथे खऱ्या भक्तीच्या गोष्टी कोणी सांगाव्यात?

सक्तीमुळे ढोंग कसे तयार होते, हे समजून घेण्यासाठी गोव्याइतके योग्य ठिकाण नाही. येथे इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेची चौकशी करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, १५६० मध्ये सुरू झाले आणि मधला चार वर्षांचा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. बाप्तिस्मा घेतलेली माणसे मनाने जुन्याच धर्मात आहेत का, याची ते चौकशी करी. १७३६ च्या फर्मानाने नवख्रिस्ती घरांतील तुळस आणि धोतर यांसारख्या गोष्टींवरही बंदी घातली. घराच्या परसात काय लावले आहे यावरून श्रद्धा जोखली जाऊ लागली की माणूस श्रद्धेऐवजी परस सांभाळायला शिकतो. ज्यांच्या शवाच्या दर्शनाला २०२४-२५ च्या प्रदर्शनात लाखो लोक जुन्या गोव्यात आले, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांनीच १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशनची मागणी केली होती. ते १५५२ मध्येच वारले, त्यामुळे ते सुरू झालेले त्यांनी पाहिले नाही. हेच झेवियर गोव्यात इस्पितळात रोग्यांची सेवा करत आणि रस्त्यात घंटा वाजवून मुलांना प्रार्थना शिकवत. त्यांचे प्रेम आणि त्यांची चूक दोन्ही खरी आहेत, आणि नोव्हेनाला, म्हणजे त्यांच्या फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, जाणाऱ्याने दोन्ही माहीत असूनच जावे, असे माझे मत आहे.

मग गोव्यातून खऱ्या भक्तीचे उदाहरण कोणाचे द्याल?

संत जुझे वाझ यांचे. १६५१ मध्ये बाणावलीत जन्मलेले हे धर्मगुरू १६८७ मध्ये श्रीलंकेत गेले. डच सत्तेने तेथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. ते मजुराच्या, भिकाऱ्याच्या वेषात जाफन्यात फिरले. गळ्यात रोझरी घालून दारोदार भीक मागायची आणि ती पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख उमटते ते पाहायचे, अशी त्यांची कॅथलिक घरे शोधण्याची रीत होती. कँडीच्या राजाने हेर समजून त्यांना कैदेत टाकले. पुढे १६९७ मध्ये देवीची साथ आली आणि लोक रोग्यांना रानात सोडून पळू लागले, तेव्हा त्यांनी जात-धर्म न पाहता रोग्यांना अन्नपाणी दिले आणि मृतांना मूठमाती दिली. १७११ मध्ये ते कँडीतच वारले आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद जाहीर केले. वेष खोटा होता आणि माणूस खरा होता, म्हणून हे उदाहरण मला जवळचे वाटते.

नवस बोलणे म्हणजे देवाशी सौदा नव्हे का?

काही वेळा असतो. झेवियर यांच्या डिसेंबरच्या फेस्ताला जुन्या गोव्यात मेणाचे हात, पाय, डोळे विकत मिळतात, आणि ते वाहणाऱ्यांत ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही असतात. पाय बरा झाला म्हणून मेणाचा पाय वाहणे ही कृतज्ञता आहे. बेकायदा बांधलेल्या मजल्याला परवानगी मिळावी म्हणून मेणबत्ती लावणे ही वेगळी गोष्ट आहे.

मी हिंदू आहे. खुरसापुढे मेणबत्ती लावली तर ते ढोंग होईल का?

मनापासून लावली असेल तर होणार नाही. मत्तयाच्या आठव्या अध्यायातील रोमन शताधिपती परधर्मीच होता, आणि इतका विश्वास इस्राएलातही आढळला नाही असे येशू त्याच्याविषयी म्हणाला.

मला जुनी बुडवलेली रक्कम परत करायची आहे, पण ज्याची होती तो आता हयात नाही. काय करावे?

वारस असतील तर रक्कम त्यांची आहे, आणि ती कशाची हे त्यांना सांगावे. सांगितल्याने तिसऱ्या माणसाची अब्रू जाणार असेल, तर पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूमार्फत ती पोहोचवता येते. त्याच्यावर गुप्ततेचे कडक बंधन असते. वारसांचा शोध घेऊनही कोणी सापडले नाही तर ती गरिबांसाठी द्यावी, असे परंपरा सांगते. अशा पैशातून चर्चला बाक किंवा पंखा देऊन त्यावर कुटुंबाचे नाव रंगवून घेऊ नये. ती रक्कम आपली नव्हतीच.